झेंडीचा कान

आपण बहिरे होत चाललोय हे ईश्वर ओहोळच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. तोवर त्याची पक्की खात्री होती की बायकोच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. "जरा मोकळं बोलत जा की," असं तो तिला डाफरायचा. येसूबाई बिचारी घसा ताणून बोलायची, आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या की ओहोळांच्यात रोजचं भांडण असतं. भांडण कसलं आलंय? ज्वारी संपलीय एवढं सांगायलाही तिला आख्खी चाळ जागी करावी लागत होती.

ही चाळ म्हणजे केम स्टेशनपासून दीड-दोन मैलांवर, लाईनीच्या कडेला बांधलेल्या गँगमनच्या सहा खोल्या. पुढे रूळ, मागे माळ. ईश्वर त्या गँगचा चावीवाला होता. रूळ जागच्या जागी धरून ठेवायला प्रत्येक स्लीपरवर लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. गाड्यांच्या धडधडीनं त्या ढिल्या होतात. त्या बघत, ठोकत, सकाळी एका रुळाच्या कडेनं तीन मैल जायचं आणि दुसऱ्याच्या कडेनं परत यायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला पाना, काखेत लाल आणि हिरवी झेंडी. एकोणीस वर्षं तो हेच करत होता, आणि त्याच्या टप्प्यात कधी एक चावी निसटून गाडी अडली असं झालं नव्हतं. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि का नसावा?

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीच्या आधी एका सकाळी तो वाकून चावी ठोकत होता. एकदम उजव्या अंगाला गरम वारा लागला म्हणून मान वर केली, तर डिझेल इंजिन एका बैलगाडीच्या लांबीवर. तो कसा उडाला, खडीवरून कसा घरंगळला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. टोपी गेली ती गेलीच. ड्रायव्हरनं शिट्टी मारलीच असणार, जीव तोडून मारली असणार. ईश्वरला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

कोळशाचं इंजिन असतं तर एक वेळ निभावलं असतं. त्याचा धूर लांबून दिसायचा, पायाखाली जमीन थरथरायची. हे डिझेल मेलं चोरासारखं यायचं. खडीत बसून गुडघ्याचं रक्त पुसताना ईश्वरला पहिल्यांदा कळलं की येसू तोंडातल्या तोंडात बोलत नाही.

आता करायचं काय? बहिरा माणूस लाईनीवर ठेवत नाहीत. आणि ठेवू नये हेही खरंच, पण तेव्हा त्याला ते खरं नको होतं. सोलापूरच्या रेल्वे दवाखान्यात तपासणी असायची, ती आता सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात येणार होती. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, आणि मरायचंही नाही, अशी दोन कामं त्याच्या अंगावर पडली. गाड्यांचं वेळापत्रक त्याला पाठ होतंच. आता तो त्याच्यावरच चालायला लागला. नऊ वीसची मेल गेली की अकरापर्यंत मोकळं, असं. बाकी गँगला संशय नव्हता, असं त्याला वाटत होतं. मुकादम हिंदुराव तर तसा भोळाच माणूस. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला. त्याला एक खोड होती, की गँग कुठंही काम करत असो, हा मधूनच भरावावर चढून ईश्वरच्या दिशेनं झेंडी हलवायचा. "मुकादमाला झेंडी मिळाल्यापास्नं हात गप बसंना," अशी ईश्वर घरी येऊन त्याची थट्टा करायचा.

मागच्या माळावर त्या हिवाळ्यात बजाबाईचा मेंढरांचा तळ पडला होता. बजाबाई धनगराची, वयानं साठीची, आणि आवाज असा की ईश्वरला तिचा शब्दन् शब्द ऐकू यायचा. म्हणूनच त्याला तिच्याकडे जाऊन बसायला आवडायचं. तिच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. एका दुपारी तो तिथं बसला असताना त्यातलं एक, काळं अंग आणि शेपटीचं टोक तेवढं पांढरं असलेलं, खेळता खेळता थबकलं. कान उभे केले. मग धावत येऊन ईश्वरच्या पोटरीला नाक लावून दडून बसलं. त्यानं पाच-सहा वेळा बिडी ओढली असेल, तेव्हा कुठं लाईनीवर मालगाडी दिसली.

ईश्वरच्या हातातली बिडी विझून गेली.

"ह्ये मला देतासा का, बजाबाई?"

"कुत्री हाय. लोक कुत्रा मागत्यात."

"मला हीच पायजे."

बजाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "गाडीचं भ्यां वाटून आली ती तुमच्याकडं. भ्यां घालवू नगा तिचं समदं. थोडं ऱ्हाऊ द्या. आन् एक सांगत्ये, एका टायमाला एकच गोष्ट शिकवायची. दोन शिकवायला गेलासा, की तिला एकबी येणार न्हाय आन् तुमचं डोस्कं फिरंल."

पिल्लाची शेपूट कायम वर, म्हणून येसूबाईनं तिचं नाव झेंडी ठेवलं.

पहिला धडा पोत्याचा. अंगणात एक पोतं टाकायचं. झेंडी त्यावर चुकून चढली, की गुळाचं बोट लावलेला भाकरीचा तुकडा. उतरली, की काही नाही, रागावणंही नाही. तिसऱ्या दिवसापासून पोतं दिसलं रे दिसलं की ती त्यावर ठाण मांडून बसायची. मग ईश्वर "जागा" म्हणायला लागला. पोतं आज उंबऱ्याशी, उद्या बाजेवर, परवा उलट्या घमेल्यावर. पुढं पोत्याचा अर्धा तुकडा, मग पाव, मग हातरुमालाएवढा. बजाबाईचं म्हणणं होतं की धडा लांबवायचा नाही. "तिला अजून खेळू वाटतंय तवाच थांबायचं. जेवणावरनं उठताना पोटात थोडी जागा ठेवतो का न्हाय आपण, तसं."

दुसरा धडा पायांचा, आणि तो महिनाभर चालला. लाईनीवरून चालायचं म्हणजे स्लीपरवरून चालायचं, आणि ओढ्याच्या पुलावर तर स्लीपरांच्या फटींतून खाली थेट पाणी दिसतं. गँगनं काढून टाकलेले जुने स्लीपर ईश्वरनं खोलीमागे शिडीसारखे आडवे मांडले. झेंडी पुढचे पाय बरोबर टाकायची आणि मागचे दोन्ही फटीत. मग केविलवाणं तोंड करून मागं वळून बघायची, जणू दुसऱ्याच कुणी तिला मागून ओढलंय.

"कुत्र्याला मागचं पाय आपलंच हायेत ह्ये ठावं नसतंय, भाऊ," बजाबाई म्हणाली. "त्ये सांगायला लागतंय. भाकरी वर नगा धरू, मान वर जाती. खाली धरा, स्लीपरला टेकवून. मंग ती बगंल, कुटं पाय टाकायलीया त्ये."

भाकरी खाली धरली, आणि झेंडी एकेका स्लीपरवर थांबत, मान खाली घालून, एकेक पाय तोलून टाकत चालायला लागली. मागं सरकायलाही शिकली. एका स्लीपरवर चारही पाय गोळा करून वळायलाही शिकली. एक दिवस ईश्वरनं हौसेनं तिला कुंपणाच्या बांबूवरून उडी मारायला लावली, तर बजाबाई माळावरून अशी ओरडली की मेंढरं बुजली. "हाडं कवळी हायेत तिची! वर्साची होस्तवर उडी न्हाय म्हंजे न्हाय!" मग ईश्वरनं बांबू जमिनीवर ठेवला आणि तिला त्यावरून नुसतं ओलांडून जायला शिकवलं. थांब म्हटलं की थांबायचं, डाव्या हातानं खूण केली की डावीकडे, उजव्या हातानं केली की उजवीकडे. वीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या मुकादमानं त्याला स्वतःला शिकवलं तेव्हा एवढा धीर कुणी धरला नव्हता, असं त्याच्या मनात यायचं.

आणि खरा धडा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो शिकवावाच लागला नाही. गाडीची चाहूल लागली की झेंडी येऊन पोटरीला नाक लावायचीच. ईश्वर खोलीच्या पायरीवर पाठमोरा बसायचा, येसूबाई दारातून कान देऊन उभी राहायची. नाक लागलं आणि मागून गाडी आली, की भाकरी, गूळ आणि पाठीवर थाप. एवढंच.

येसूबाईनं मात्र आपला एक वेगळा धडा गुपचूप घातला. "अवं" म्हणून हाका मारून तिचा घसा बसला होता. ती ईश्वरला हाक मारायची आणि झेंडीला म्हणायची, "जा, सांग." थोड्याच दिवसांत कुणीही ईश्वरचं नाव घेतलं की झेंडी जाऊन त्याच्या पोटरीला नाक लावायला लागली. तो वळायचा आणि "व्हय" म्हणायचा. चाळीतल्या बायकांना वाटलं, ओहोळांच्यातलं भांडण मिटलं एकदाचं.

वर्षाची झाल्यावर झेंडी त्याच्याबरोबर लाईनीवर जायला लागली. ओढ्याच्या पुलावर, मधोमध, रुळाच्या बाहेर दोन माणसं उभी राहतील एवढा लोखंडी सज्जा काढलेला आहे. पुलावर असताना गाडी आली तर कामगारानं तिथं उभं राहायचं. ईश्वरनं पोत्याचा तो हातरुमालाएवढा तुकडा सज्जात ठेवला. "जागा" म्हटल्यावर झेंडी स्लीपरवरून एकेक पाय नीट टाकत गेली आणि त्या तुकड्यावर बसली. खाली पंचवीस फुटांवर पाणी होतं. तिनं त्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी ईश्वरनं अर्धी भाकरी तिला दिली आणि अर्धी आपण खाल्ली.

चार महिने छान गेले. नाक लागलं की उतरायचं, गाडी जाऊ द्यायची, परत चढायचं. आणि मग त्यानं ती चूक केली.

फेब्रुवारीतली सकाळ. नऊ वीसची मेल गेली होती. अकरापर्यंत लाईन मोकळी, हे इतक्या वर्षांचं गणित. सव्वादहाला पोटरीला नाक लागलं. ईश्वरनं पुढं बघितलं, मागं बघितलं. काही नाही. "न्हाय, गप," म्हणून त्यानं तिला दूर सारलं. तिनं पुन्हा नाक लावलं. तिसऱ्यांदा तर पायजमा दातात धरून ओढायला लागली. हातातलं काम अर्धं, ऊन चढलेलं. ईश्वरनं काखेतल्या लाल झेंडीची काठी तिच्या पाठीत घातली.

"खोटं सांगायलीस? ह्या टायमाला गाडी आस्ती का?"

झेंडी ओरडली नाही. शेपूट खाली घालून ती भरावावरून उतरली आणि लांब जाऊन बसली. त्यानं काम पुरं केलं. गाडी आलीच नाही. आपलंच खरं झालं म्हणून तो मनातून खूशही झाला.

संध्याकाळी हिंदुराव त्याच्या अगदी तोंडासमोर येऊन बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "आज बिनडब्याचं इंजिन आलं व्हतं की रं, ईश्वरा. वळणाच्या पलीकडं आउटर सिग्नलला उभं व्हतं आर्धा तास. मंग गेलं परत. वेळापत्रकात नसतंय आसलं कायबाय."

"किती वाजता?"

"सव्वाधाच्या सुमारास."

ईश्वर उठून खोलीमागे गेला. झेंडी स्लीपरांच्या शिडीजवळ पडली होती. तो तिच्यापुढं बसला. त्याला मनापासून लाज वाटली. खरं सांगणाऱ्याला त्यानं काठी मारली होती, आणि तीही एका छापील कागदावर विश्वास ठेवून. "चुकलं माजं," तो म्हणाला. तिनं हात चाटला. कुत्र्याचं मन मोठंच असतं. पण दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळेला पोटरीला नाक लागलं नाही. झेंडी आपली आपण भरावावरून उतरली आणि खाली बसून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या परीनं ती सांगत होती, पण जवळ येऊन सांगायची तिची छाती उरली नव्हती.

आणि तपासणीला तीन महिने राहिले होते.

बजाबाईचा तळ तेव्हा दोन गावं पुढं गेला होता. ईश्वर सुटीच्या दिवशी चालत तिथं गेला. तिनं सगळं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"तुमी तिला खोटारडी म्हणलासा. आता ती कशापाय सांगंल?"

"मंग आता?"

"पयल्यापास्नं. पिल्लू हाय आसं समजून. आन् ह्या बारीला तुमी शिका, भाऊ. तिनं नाक लावलं की उतरायचं. गाडी येवो न्हायतर न येवो. दिसो न्हायतर न दिसो. ती सांगंल त्ये खरं. ह्ये जमत आसंल तर कुत्रं पाळा, न्हायतर घड्याळ पाळा."

ईश्वरनं वेळापत्रक भिंतीवरून काढलं आणि येसूबाईनं ते चुलीत घातलं. पुन्हा पायरीवर पाठमोरं बसणं, पुन्हा पोतं, पुन्हा भाकरी जमिनीला टेकवून. पहिले बारा दिवस काहीच नाही. तेराव्या दिवशी झेंडी चार हात लांब येऊन थांबली. त्यानं वळूनही न बघता भाकरी मागं धरली. आणखी आठवड्यानं पोटरीला ओलं नाक लागलं, इतकं हलकं की माशी बसल्यागत. ईश्वर ताडकन उठून बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि येसूबाई दारातून हसायला लागली, कारण ती गाडी नव्हती. शेजारच्या खोलीतून कुणीतरी नुसतं घमेलं ओढलं होतं. पण ईश्वरनं भाकरी दिली. मग लाईनीवरही तो तसाच वागला. झेंडीनं नाक लावलं की हातोडा अर्ध्यावर सोडून उतरायचा. कधी गाडी यायची, कधी लांब कुठं ट्रॉली असायची, कधी काहीच दिसायचं नाही. गँगचे लोक हसायचे. हसोत.

एप्रिलच्या शेवटी, तपासणीला आठ दिवस असताना, तो पुलावर होता. नेहमीची गाडी गेली होती, जुन्या हिशेबानं दीड तास मोकळा होता. सज्जाच्या पुढं सात-आठ स्लीपरवर एक चावी इतकी ढिली होती की बोटानं हलत होती. त्यानं एक घाव घातला आणि पोटरीला नाक लागलं.

चावी अर्धी बसली होती. आणखी दोन घाव, फक्त दोन. समोर वळणावर काही नव्हतं, ऊन नुसतं रुळावर चमकत होतं. हातोडा खांद्यावर टाकून तो मागं वळला. "जागा," तो म्हणाला. झेंडी स्लीपरवरून पाय तोलत सज्जात जाऊन बसली, आणि तो तिच्या मागोमाग तिथं पोचला. त्यानं कठडा धरला तोवर वळणावरून डिझेल बाहेर पडलं. ज्वारीची स्पेशल होती, वेळापत्रकात कुठंच नसलेली. आख्खा पूल हादरला. एक एक डबा त्याच्या नाकासमोरून हातभर अंतरावरून गेला आणि झेंडी त्याच्या पायाला टेकून, त्या चिंधीवर, हलली नाही.

गाडी सरली तेव्हा पुलाच्या पलीकडच्या टोकाला त्याला हिंदुराव दिसला. हातात लाल झेंडी, डोक्यावर टोपी नाही, धाप लागून गुडघ्यांवर हात टेकलेला. गाडी त्याच्या अंगावरूनच गेल्यासारखा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ईश्वर आधी परत फिरला, दोन घाव घालून ती चावी बसवली, आणि मग धावत त्याच्याकडे गेला.

हिंदुराव खडीवर बसला होता. बोलताना त्यानं तोंड ईश्वरकडेच ठेवलं, नेहमीसारखं.

"फाटकावरच्या फोनवर कळलं, स्पेशल सोडलीय म्हून. तुला ऐकू येणार न्हाय, म्हून पळालो. मैलभर पळालो. न्हाय पोचलो रं."

"तुमास्नी ठावं हाय?"

"दोन वर्सं झाली. समद्या गँगला ठावं हाय. मी ती झेंडी कुणाला हलवत व्हतो, येड्या? गाडी आली की हलवत व्हतो. तू आपला हसून हात करायचास." त्यानं सदऱ्यानं तोंड पुसलं. "माज्या तोंडातनं कुटं जाणार न्हाय त्ये. तुजं तू बग. पर माजं वय झालंय आता पळायचं."

ईश्वरनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला. दीड वर्ष तो समजत होता की आपण सगळ्यांना फसवतोय.

आठ दिवसांनी तो सोलापूरला गेला. झेंडी गार्डच्या डब्यातून आली. तिला घरी ठेवून येणं त्याला जमलं नसतं. खरं सांगावं की निभावून न्यावं, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. येसूबाई म्हणाली होती, "देव न्हाय मानत आपण, तवा कुणाला साकडं घालू? तुमचं तुमीच नीट करा." डोळ्यांची तपासणी झाली, छाती झाली. मग एका लांबलचक खोलीत डॉक्टरांनी त्याला दाराशी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवलं. दार उकाड्यामुळे उघडंच होतं. झेंडी व्हरांड्यातून हळूच आत येऊन स्टुलाखाली बसली, हे डॉक्टरांनी पाहिलं नाही.

"मी लांब जाऊन हळू आवाजात तुमचं नाव घेईन," डॉक्टर त्याच्या समोर येऊन म्हणाले. "ऐकू आलं की हो म्हणायचं. आधी डावा कान बोटानं बंद करा."

ईश्वरनं कान बंद केला. भिंतीचा चुना दिसत होता. शांतता, जशी हल्ली कायमच असायची. आणि पोटरीला ओलं नाक लागलं.

"व्हय," तो म्हणाला. विचार करून नाही, सवयीनं.

वळून बघितलं तर डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला कागदावर लिहीत होते. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या कानाची खूण केली.

आता ईश्वरला कळलं. नोकरी वाचली होती. आणखी एकदा "व्हय" म्हणायचं, की पुढच्या तपासणीपर्यंत चावीवाला. त्यानं उजवा कान बंद केला. भिंतीकडे बघताना त्याला चुना दिसेना, हिंदुराव दिसायला लागला, टोपी नसलेला, गुडघ्यांवर हात टेकलेला. या वेळी बोलायचंच नाही, त्यानं ठरवलं. गप्प बसायचं, म्हणजे आपोआप नापास.

नाक लागलं. तो गप्प राहिला. नाक पुन्हा लागलं, जरा जोरानं. त्याचे ओठ मिटलेले. तिसऱ्यांदा तिनं नाक लावलं आणि तिथंच टेकवून ठेवलं, आणि ईश्वरच्या मनात आलं की ही खरं सांगतेय, आणि मी तिला पुन्हा खोटं पाडतोय.

तो उठून उभा राहिला.

"व्हय, साहेब. तुमी नाव घेतलं माजं. खरं हाय त्ये. पर ऐकलं हिनं, मी न्हाय. मगाशीबी हिनंच ऐकलं. मला दोन वर्सं झाली, ऐकू येत न्हाय."

डॉक्टरांनी जवळ येऊन वाकून स्टुलाखाली बघितलं. कुत्रं आत कुणी सोडलं म्हणून ते ओरडले असतील, नसतील. ईश्वरला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं. मग पेन खिशाला लावून त्यांनी विचारलं, "हिला शिकवलं कुणी?"

"एका धनगरीण बाईनं मला शिकवलं, साहेब. आन् हिनं. मुकादमानंबी, झेंडी हलवून. मला कळलं न्हवतं तवा." एवढं बोलून त्याला रडू आलं, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

लाईनीवरून त्याला काढलं. दोन महिन्यांनी केम स्टेशनवर काम मिळालं, प्रवाशांच्या माठांत पाणी भरायचं आणि फलाटामागची बाग शिंपायची. हिंदुरावानं मोठ्या साहेबांपुढं त्याच्यासाठी किती शब्द टाकले, ते त्याला बऱ्याच दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. काम मिळालं त्या दिवशी येसूबाईनं शेंगपोळ्या केल्या. पहिली झेंडीला, दुसरी मुकादमाला, आणि दोन फडक्यात बांधून ईश्वर बजाबाईचा तळ शोधत गेला. बजाबाईनं खाल्ली आणि तोंड पुसत म्हणाली, "गूळ बेताचा हाय." त्यानं तिच्या पायाला हात लावला.

स्टेशनची बाग रुळांपासून चांगली लांब आहे, मधे तारेचं कुंपण आहे. गाडी येऊन अंगावर जाईल अशी तिथं सोयच नाही. तरी पोटरीला नाक लागलं की ईश्वर झारी खाली ठेवतो, दोन पावलं मागं सरकतो आणि उभा राहतो. कधी गाडी येते, कधी नाही. खिशातून भाकरीचा तुकडा मात्र दर वेळी निघतो.